सदाशिव पेठेतला रेडिओ: मूल्यांकन, दुरुस्ती आणि विक्री यांच्या नोंदी

७ जानेवारी २०२३

सदाशिव पेठेतला एक वाडा पुनर्विकासासाठी फेब्रुवारीअखेर रिकामा करायचा आहे. तिथल्या काकूंनी त्यांच्या सासऱ्यांच्या खोलीतल्या जुन्या यंत्रांची किंमत ठरवून देण्यासाठी मला बोलावले. खोलीत चार वस्तू निघाल्या: लाकडी पेटीतला फिलिप्सचा व्हॉल्व्हचा (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) रेडिओ, एचएमव्हीचा पेटीवजा रेकॉर्ड प्लेयर, स्पूलचा टेपरेकॉर्डर आणि पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. काकूंच्या हिशेबाने सगळा पैसा ग्रामोफोनमध्ये होता. रेडिओ भंगारवाल्याने तीनशे रुपयांना मागितला होता आणि त्या तो देण्याच्या बेतात होत्या.

काम हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टी सांगितल्या. ज्या वस्तूची किंमत मी ठरवतो ती मी स्वतः विकत घेत नाही. मला मिळते ते ठरलेले कामाचे शुल्क. दुसरी गोष्ट अशी, की मी पाहीपर्यंत कोणत्याही यंत्राचा प्लग कोणीही लावायचा नाही. ही दुसरी सूचना थोडी उशिराच पोहोचली, कारण काकूंच्या पुतण्याने परवाच "चालतोय का बघू" म्हणून रेडिओची वायर बोर्डात खोचली होती. वायर कापडी वेष्टणाची, आत रबर भुगा झालेले आणि तार मधेच तुटलेली, म्हणून वीज आत गेलीच नाही. पुतण्याला वाटले रेडिओ मेला. मला वाटले रेडिओ वाचला. तीस-पस्तीस वर्षे बंद असलेल्या संचातल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांमधला (विजेचा भार साठवणाऱ्या भागांमधला) ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो आणि एकदम पूर्ण दाब दिला की ते भरमसाट प्रवाह ओढतात. पन्नास रुपयांचा कंडेन्सर फुटला तर दुःख नाही, पण त्याच्याबरोबर मेन ट्रान्सफॉर्मर जळला तर तो कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो. असल्या संचाची निम्मी किंमत त्या एका मिनिटात जाते.

८ जानेवारी

ग्रामोफोन आधी पाहिला, कारण त्याबद्दलची अपेक्षा सर्वांत मोठी होती आणि ती जितक्या लवकर जमिनीवर येईल तितके बरे. कर्णा चकचकीत पितळेचा आहे, पण पत्रा पातळ आणि पाकळ्यांचे सांधे ओबडधोबड डागलेले आहेत. पेटी नव्या लाकडाला गडद पॉलिश मारून जुनी भासवलेली आहे. तळाचे पाटे ज्या स्क्रूंनी बसवले आहेत ते फुलीच्या खाचेचे आहेत. असे स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आले, आणि ही पेटी मात्र पहिल्या महायुद्धाच्या आधीची म्हणून विकली गेली होती. आतली चावीची मोटर तेवढी खरी जुनी आहे, पण ती सुटकेससारख्या बंद होणाऱ्या पोर्टेबल ग्रामोफोनमधून काढलेली आहे. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेली पट्टी तिरकी चिकटवली आहे. साउंड बॉक्सची, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीची, दांडी अशा कोनात बसवली आहे की सुई खोबणीच्या दिशेने न चालता तिरकी ओढली जाते. या यंत्रावर लाखेची तबकडी वाजवली तर दोन-चार वेळांत ती खराब होईल.

अशा जोडग्रामोफोनांची आपल्याकडे अनेक वर्षे भरपूर पैदास झाली आहे आणि ते परदेशी पर्यटकांइतकेच आपल्या लोकांनीही घेतले आहेत. काकूंच्या सासऱ्यांनी तो ऐंशीच्या दशकात घेतला असावा. मी शोभेची वस्तू म्हणून त्याची किंमत लिहून दिली आणि 'अलीकडची जोडणी' हे शब्द त्या कागदावर आहेत याची खात्री केली. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मामंजींना कोणी फसवलं असेल असं वाटत नव्हतं हो."

१४ जानेवारी

रेडिओ घरी आणून उघडला. मागचा पुठ्ठा काढल्यावर उंदराचे घरटे, त्यात रेशनच्या पावतीचे तुकडे आणि चॅसिसच्या (सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) एका कोपऱ्यात मुताने आलेला गंज निघाला. तो गंज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचलेला नाही. व्हॉल्व्ह पाच आहेत: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२, ईझेड ८० आणि स्टेशन जुळले की हिरवी पट्टी जवळ येणारा 'मॅजिक आय' ईएम ८४. मेन ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे चॅसिस विजेच्या तारेला थेट जोडलेली नाही, ही मोठी जमेची बाजू. 'यू' मालिकेतले व्हॉल्व्ह वापरणारे बिनट्रान्सफॉर्मरचे स्वस्त संचही त्या काळात खूप विकले गेले. त्यांची चॅसिस जिवंत असते आणि नॉबचा स्क्रू उघडा पडला तर हात लावणाऱ्याला धक्का बसतो. तसा संच असता तर मी विक्रीचा सल्ला देतानाच दहा वेळा विचार केला असता.

ईसीएल ८२ वर भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का आहे, बाकीचे व्हॉल्व्ह फिलिप्सचे आहेत. बंगळूरच्या या सरकारी कंपनीने रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ मध्ये बनवायला सुरुवात केली. म्हणजे हा एक व्हॉल्व्ह नंतर कधीतरी बदललेला दिसतो, आणि जो बदलला तो नेमका सर्वांत जास्त तापणारा आहे. संग्राहक अशा बदलाला नाक मुरडतात. मला तो संच रोज वाजत होता याचा पुरावा वाटतो.

पेटीच्या तळाशी टपाल खात्याचे रेडिओ परवान्याचे पुस्तक सापडले, पहिला शिक्का १९६३ चा. ऐंशीच्या दशकात परवान्याची सक्ती गेली तेव्हा बहुतेक घरांनी ही पुस्तके फेकून दिली, त्यामुळे संच आणि त्याचे पुस्तक एकत्र मिळणे दुर्मिळ झाले आहे. संचाचे वय त्यावरून जितक्या खात्रीने सांगता येते तितके पेटीच्या घाटावरून सांगता येत नाही.

काकूंचा आग्रह आहे की जाहिरातीत 'पुण्यात बनलेला' असे लिहावे. फिलिप्सने १९५९ मध्ये पुण्याजवळ रेडिओचा कारखाना काढला हे खरे, पण त्याआधीपासून कंपनीचे रेडिओ कलकत्त्यात बनत होते आणि या संचाच्या पट्टीवर फक्त भारतीय बनावटीचा उल्लेख आहे. तेवढाच लिहीन.

१५ जानेवारी

रेकॉर्ड प्लेयर आणि टेपरेकॉर्डर एकाच बैठकीत पाहून टाकले. प्लेयरचे रबरी चाक दगडासारखे कडक होऊन एका जागी चपटे झाले आहे, त्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेरीला थाळी धडधडते. सिरॅमिक कार्ट्रिजमधून आवाज येतो पण एकाच कानाला. 'आहे तसा' विकावा. टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून डांबर झाला आहे. त्याच्यासोबतच्या सात स्पूलांवर घरातल्यांची नावे आणि मुंजीच्या तारखा आहेत. ती स्पूले विकायची वस्तूच नाहीत, म्हणून मी ती किमतीच्या यादीतून काढून टाकली आणि आधी त्यांवरचा आवाज उतरवून घ्या असे काकूंना सांगितले.

२२ जानेवारी

आजचा सगळा दिवस बोटाच्या पेराएवढ्या वस्तूवर गेला. ईसीएल ८२ च्या एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह असतात: आवाज थोडा वाढवणारा ट्रायोड आणि स्पीकर चालवणारा पेंटोड. ट्रायोडच्या प्लेटकडून (जिथून आवाज बाहेर पडतो) पेंटोडच्या ग्रिडकडे (प्रवाह आवरणाऱ्या जाळीकडे) आवाज नेणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा मेणकागदी कंडेन्सर मी एका बाजूने सोडवला. मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवून पाहिले तर तो निर्दोष दिसला, आणि अनेक जण इथेच थांबतात. पण मीटर या रेंजवर एक-दोन व्होल्ट लावून पाहतो आणि कंडेन्सरला संसार करायचा असतो शंभर-दोनशे व्होल्टशी. म्हणून बेंचच्या पुरवठ्यातून २०० व्होल्ट डीसी घेऊन कंडेन्सर आणि डीसी व्होल्टवर ठेवलेला मीटर एकामागे एक जोडले. माझ्या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओहम आहे. कंडेन्सर चांगला असता तर आकडा क्षणभर वर जाऊन शून्याजवळ आला असता. तो ७५ व्होल्टवर स्थिरावला. म्हणजे ७.५ मायक्रोॲम्पिअर प्रवाह गळतो आहे आणि जिथे जवळजवळ अनंत रेझिस्टन्स असायला हवा तिथे १६.७ मेगओहम आहेत.

आकडा किरकोळ वाटतो, पण ग्रिडपासून जमिनीकडे ६८० किलोओहमचा रेझिस्टन्स आहे आणि ट्रायोडच्या प्लेटवर सुमारे १०० व्होल्ट असतात. त्या हिशेबाने ग्रिड जवळजवळ ४ व्होल्टने धन बाजूला सरकते. ईसीएल ८२ च्या पेंटोडला प्रवाह आवरण्यासाठी ग्रिडवर साधारण उणे १६ व्होल्टचा दाब, म्हणजे बायस, लागतो, त्यातला चौथा हिस्सा गेला. व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढतो, तापतो, त्याच्या उष्णतेने कंडेन्सर आणखी गळतो, आणि हे चक्र चालत राहिले तर शेवटी स्पीकरला जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे व्हॉल्व्हकडचे वेटोळे (प्रायमरी) तुटते. मूल्यांकन करताना 'संच वाजतो' या वाक्याला मी का भाव देत नाही याचे उत्तर या कंडेन्सरात आहे: असा संच वाजत असतो आणि वाजत असतानाच स्वतःची किंमत जाळत असतो.

मेणकागदी कंडेन्सर एकूण नऊ निघाले, त्यांतले पाच असेच गळके. नऊच्या नऊ बदलून ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर बसवले. कार्बनच्या रेझिस्टन्सांपैकी २२० किलोओहमचा एक ३१० पर्यंत चढला होता, तोही बदलला. जुन्या कंडेन्सरांची मेणाची नळी पोकळ करून आत नवा कंडेन्सर लपवण्याची एक पद्धत आहे आणि ती सफाईने करणाऱ्यांच्या हाताचे मला कौतुक आहे, पण विकायच्या घरगुती संचात ते केले की पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याची दिशाभूल होते. मी जुने कंडेन्सर जागेची चिठ्ठी लावून पाकिटात ठेवले आहेत. ते संचासोबत जातील.

गाळणीचा, म्हणजे विजेतली घुंई गाळणाऱ्या दोन कंडेन्सरांचा, ॲल्युमिनियमचा डबा, ५०-५० मायक्रोफॅरडचा, सुकलेला आहे. डबा वर तसाच ठेवून त्याच्या तारा सोडवल्या आणि चॅसिसखाली ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन नवे बसवले. घुंई कमी व्हावी म्हणून इथे १०० किंवा २२० चा कंडेन्सर ठोकून दिलेले संच मी पाहिले आहेत. एसीचा डीसी करणाऱ्या ईझेड ८० च्या लगतच्या कंडेन्सरला कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरडची आहे. त्यापुढे प्रत्येक आवर्तनात व्हॉल्व्हला जो झटका बसतो तो तो फार काळ सोसत नाही. मेनपासून चॅसिसकडे जाणारा छोटा कंडेन्सर सुरक्षा-वर्गाचा नवा घातला आणि वायर तीन पिनांची लावून चॅसिसला अर्थिंग दिले. मूळपण जपण्याचा हट्ट असणाऱ्यांनी वायरच्या बाबतीत तो करू नये.

२६ जानेवारी

स्पीकरच्या कोनला उंदराने दोन जागी कुरतडले होते. पातळ टिश्यू कागद आणि पाणी घातलेला पांढरा फेविकॉल यांचे दोन थर देऊन वाळत ठेवला.

२९ जानेवारी

पहिल्यांदा वीज दिली. घरात सध्या २३८ ते २४२ व्होल्ट येतात, म्हणून ट्रान्सफॉर्मरची चकती २२० वरून २४५ वर फिरवली. आधी सर्व व्हॉल्व्ह काढून, ६० वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डावर (यात वाटेतला बल्ब प्रवाह आवरतो) नुसता ट्रान्सफॉर्मर एक तास ठेवला. बल्बची तार जेमतेम लालसर होती आणि ट्रान्सफॉर्मर कोमट. मग व्हॉल्व्ह लावले. बल्ब आधी बराच पेटला, हळूहळू मंदावला आणि तिथेच राहिला. याला आमच्याकडे शकुन म्हणतात. सिरीज बोर्ड काढून थेट वीज दिल्यावर ईसीएल ८२ च्या कॅथोडच्या ३९० ओहमवर १४.८ व्होल्ट मिळाले, म्हणजे एकूण ३८ मिलीॲम्पिअर. प्लेटवर २०८ व्होल्ट. स्क्रीन ग्रिडचा वाटा वजा केला तर प्लेटवर सुमारे सव्वासहा वॅट खर्च होतात. कमाल मर्यादा सात आहे. व्हॉल्व्ह निवांत आहे.

बँड स्विच साफ केल्यावर मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झचे पुणे केंद्र आले, डायलवर मात्र ते ८३० च्या आसपास दिसत होते. ईएम ८४ ची पट्टी इतकी फिकी आहे की दिवसा दिसत नाही. नवा व्हॉल्व्ह मिळतो, पण त्याची किंमत बाकीच्या सर्व भागांच्या एकूण खर्चापेक्षा जास्त आहे. आहे तोच ठेवायचा आणि जाहिरातीत लिहायचे.

५ फेब्रुवारी

सिग्नल जनरेटरवर ४५२ किलोहर्ट्झ लावून आयएफटीचे (मधल्या फ्रीक्वेन्सीच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांचे) गाभे जुळवले, मग डायलच्या खालच्या टोकाला ऑसिलेटरचा गाभा आणि वरच्या टोकाला ट्रिमर (बारीक फिरवून जुळवायचा कंडेन्सर), असे आलटून पालटून तीन वेळा केले. आता ७९२ जिथे असायला हवे तिथे आहे. रात्री घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद केले तेव्हा मुंबईचे ५५८ स्वच्छ लागले. दिवे लावले की खरखर परत येते, आणि ग्राहक ती खरखर रेडिओच्या माथी मारतो, म्हणून हेही आधीच सांगावे लागते.

आजची दुसरी नोंद लिहायला आवडत नाही. डायलच्या काचेवरची अक्षरे मागच्या बाजूने रंगवलेली असतात आणि पाण्याने सुटतात, हे मी दुसऱ्यांना पंधरा वर्षे सांगत आलो आहे. आज चॅसिस बसवताना काचेच्या आतल्या बाजूला बोटाचा ठसा दिसला आणि हातातल्या ओलसर फडक्याने मी तो पुसला. 'कोलंबो' पुसले गेले. नुसती 'को' उरली आहे. काच अखंड आहे, पण अशी अक्षरे असलेली दुसरी काच मिळणार नाही. काकूंना लगेच फोन केला आणि माझ्या शुल्कातून दोन हजार रुपये कमी केले. काकू म्हणाल्या, "अहो, कोलंबो आता लागतं तरी कुठे?" ते खरे असले तरी किंमत अक्षराची असते, स्टेशनची नव्हे.

१२ फेब्रुवारी

रविवारच्या जुन्या बाजारात एका मोडक्या संचावर हवी ती नॉब मिळाली. काकूंच्या संचावरची चौथी नॉब दुसऱ्याच कुठल्या रेडिओची होती. दीडशे रुपये.

१९ फेब्रुवारी

किंमत ठरवताना मी आधी जे परत मिळत नाही त्याकडे पाहतो. पेटीचे लाकडी वेष्टण एका कोपऱ्यात सुटले आहे, बाकी चांगले. दोन्ही ट्रान्सफॉर्मर मूळचे आणि निरोगी. काच एका शब्दाने अधू. नॉब चारही जुळत्या. परवान्याच्या पुस्तकाचा भाव मी यात धरलेला नाही, कारण काकूंनी ते देणार नाही असे आजच सांगितले. त्याच्या पहिल्या पानाचे छायाचित्र, नाव आणि पत्ता झाकून, ग्राहकाला द्यायला त्यांची हरकत नाही. व्हॉल्व्ह, कंडेन्सर, रेझिस्टन्स ही तिसऱ्या दर्जाची बाब. त्यांच्यावर झालेला खर्च किमतीत जसाच्या तसा मिळवता येत नाही. सुट्या भागांना ₹ ८४० लागले. माझा अंदाज ₹ १०,००० ते १२,०००. जाहिरातीत ₹ १२,००० लिहिले.

जाहिरातीचा मजकूर मी लांबच लिहितो. बदललेला प्रत्येक भाग, मोजलेला प्रत्येक व्होल्ट, फिका मॅजिक आय, कुरतडलेला कोन आणि 'को' हे सगळे त्यात आहे, आणि चॅसिसच्या खालच्या बाजूचे छायाचित्र पहिल्या तिघांत आहे. माझ्या चुलतभावाचे मत असे पडले, की इतके दोष लिहिले तर कोण घेणार. माझा अनुभव उलटा आहे: घासाघीस होते ती ग्राहकाला दोष स्वतः सापडतो तेव्हा.

२५ फेब्रुवारी

तीन जण गंभीर निघाले. पहिल्यांना कंडेन्सर न बदललेला संच हवा होता. बदल सांगितल्यावर त्यांनी निम्मी किंमत सांगितली आणि मी नम्रपणे नाही म्हटले. दुसऱ्या गृहस्थांनी ₹ १४,००० देऊ केले, पण त्यांना आतले सर्व काढून ब्लूटूथचा स्पीकर बसवायचा होता. तिसरे नाशिकचे निवृत्त शिक्षक. त्यांचा देकार ₹ ११,५००, आणि त्यांनाही मोबाइलवरची गाणी ऐकायची आहेतच.

निर्णय मालकाचा, म्हणून दोन्ही देकार काकूंसमोर ठेवले. मी एवढेच सांगितले की मोबाइल जोडायला काही कापावे लागत नाही. संचाच्या पाठीवर रेकॉर्ड प्लेयरसाठी 'पिकअप'ची दोन भोके आहेत. ब्लूटूथच्या छोट्या रिसीव्हरचे डावे-उजवे आवाज दोन रेझिस्टन्सांतून एकत्र करून तिथे दिले की तोच ईसीएल ८२ आणि तोच स्पीकर ती गाणी वाजवतात. हे मी दुसऱ्या गृहस्थांनाही फोनवर सांगितले, पण त्यांना पेटीत दिवे आणि मोठा बास हवा होता. काकूंनी अडीच हजार सोडले.

४ मार्च

शिक्षक स्वतः मुलाची गाडी घेऊन आले. कुरियरने व्हॉल्व्हचा रेडिओ पाठवायला मी शक्यतो तयार होत नाही. तरीही प्रवासासाठी गँगच्या (स्टेशन लावणाऱ्या फिरत्या कंडेन्सरच्या) पात्या पूर्ण आत फिरवून ठेवल्या, म्हणजे धक्क्याने वाकणार नाहीत, आणि व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळले. कोणता कुठे बसतो याचा नकाशा पुठ्ठ्याच्या आतून चिकटवला. त्यांच्यासमोर संच अर्धा तास वाजवला. पाठ गरम होते हे दाखवले आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवायला सांगितले. जुन्या कंडेन्सरांचे पाकीट, व्होल्टांचा तक्ता आणि या नोंदींची एक प्रत त्यांना दिली.

ग्रामोफोन काकूंनी विकला नाही; नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवणार आहेत. रेकॉर्ड प्लेयर ₹ १,८०० ला गेला. टेपरेकॉर्डरसाठी पट्टा मागवला आहे, सात स्पूले माझ्याकडे आहेत.